ही छत्री कुणाची?

पावसाची पहिली झड लागून गेली की शाळेच्या वाटेवर एक गंमत होते. काल संध्याकाळी जिथे नुसता ओला पालापाचोळा होता, तिथे आज सकाळी पाच-पंचवीस छत्र्या उघडलेल्या असतात! पांढऱ्या, करड्या, तपकिरी. काही बोटभर उंच, काही टाचणीच्या डोक्याएवढ्या. दुपारी शाळा सुटल्यावर पाहावं, तर त्यातल्या निम्म्या माना टाकून पडलेल्या. तुम्ही त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणता. शास्त्राच्या पुस्तकात 'भूछत्र' असं लिहिलेलं असतं. आणि भाजीवाल्याकडे पाकिटात मिळते ती अळंबी.

आता खरं सांगा हं, अशी छत्री दिसली की मनात पहिला प्रश्न कोणता येतो? "ही खातात का?" हाच ना? मोठ्यांच्याही मनात हाच येतो. पण ज्याला अळंबी शिकायची आहे, त्यानं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. पहिला प्रश्न म्हणजे, "ही कोण?"

असं का, ते आधी सांगतो.

चांदीचा चमचा काही सांगत नाही!

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं दगावली. बहुतेक जण चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतले होते. त्यात लहान मूलही होतं. भाजी म्हणून आणलेली अळंबी, रोजच्यासारखं जेवण, आणि मग हे.

आपल्याकडे विषारी अळंबी ओळखण्याच्या पुष्कळ युक्त्या सांगतात. शिजवताना चांदीचा चमचा टाकावा, काळा पडला तर विषारी. गोगलगायीनं कुरतडलेली असेल ती चांगली. वरची साल सहज सुटते ती चांगली. पांढरी ती चांगली, रंगीत ती वाईट. आणि काहीच नाही तर, खूप वेळ उकळली की विष निघून जातं!

मंडळी, यातली एकही युक्ती खरी नाही. जगात अळंबी खाऊन जितके लोक मरतात, त्यातल्या फार मोठ्या वाट्याला 'डेथ कॅप' नावाची एकच अळंबी जबाबदार आहे. ती मूळची युरोपातली. फिकट हिरवट, कधी जवळजवळ पांढरी, दिसायला साधी. तिची साल सुटते. गोगलगाय ती खुशाल खाते, तिला काही होत नाही. चमचा काळा पडत नाही. उकळून विष जात नाही. आणि जी माणसं वाचली, त्यांनी तर सांगितलंय की चवीलासुद्धा ती छान होती!

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. या विषाची लक्षणं लगेच दिसत नाहीत. सहा तास, बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ माणूस ठणठणीत असतो. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबतात, बरं वाटू लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि नेमक्या याच वेळात आतल्या आत यकृत निकामी होत असतं. म्हणून रानातली अळंबी पोटात गेली असेल, तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही. लिंबू-ताक-मीठपाणी करत बसायचं नाही. तडक हॉस्पिटलात जायचं, आणि उरलेली अळंबी, तिची देठं, सालं, जे असेल ते एका कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवायला न्यायचं.

"पण आमची आजी तर दरवर्षी रानातून आणते!" असं तुमच्यापैकी कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. कोकणात, गोव्यात, मेळघाटात अशी आज्या-आजोबांची पिढी आहे, ज्यांना आपल्या रानातली दोन-चार जातींची अळंबी हाताच्या रेषांसारखी माहीत असते. त्यांची परीक्षा चमच्यानं होत नाही. त्यांना ठाऊक असतं की ही याच बांधावर, याच वारुळावर, याच आठवड्यात येते. त्यांनी ती त्यांच्या आईबरोबर जाऊन पाहिलेली असते, एकदा नव्हे, पन्नास वेळा.

पण ही विद्या त्या जागेची असते. गाव बदललं की ती फसवू शकते. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला २०११ च्या अखेरीला असंच झालं. चीनकडून तिथे आलेल्या लोकांनी नववर्षाच्या जेवणासाठी ओकच्या झाडाखालची अळंबी तोडली. आग्नेय आशियात भाताच्या पेंढ्यावर उगवणारी एक चविष्ट अळंबी आहे. तिच्याही बुडाशी पिशवी असते आणि डेथ कॅपच्या बुडाशीही असते. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. दोघांचा जीव गेला. त्यातला एक जण तर स्वयंपाकी होता, म्हणजे अळंबी रोज हाताळणारा माणूस!

टपालवाले आणि सशांची चित्रं काढणारी मुलगी

मग शिकायचं कुणाकडून? याचं उत्तर म्हणून मला एक जुनी गोष्ट फार आवडते.

पीटर रॅबिट हा निळं जाकीट घातलेला खोडकर ससा तुम्ही पुस्तकात किंवा पडद्यावर पाहिला असेल. त्याला जन्म देणारी बीट्रिक्स पॉटर १८६६ मध्ये लंडनमध्ये जन्मली. मोठ्या घरची मुलगी, तिला शाळेत कधी घातलंच नाही. शिकवणी घरी. ससे, बेडूक, वटवाघळं पाळायची आणि त्यांची चित्रं काढायची. उन्हाळ्यात सगळं घर स्कॉटलंडला जायचं, आणि तिथल्या ओल्या रानात तिला अळंबीचं वेड लागलं. ती रंगवायची इतकी सुंदर, की वाटावं आत्ता मातीचा वास येईल. पण नाव? नाव काही सापडेना. घरात पुस्तकं होती, तरी चित्रावरून नाव जुळवायला गेलं की चार वेगळीच नावं समोर यायची.

त्या भागात चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचे एक टपालवाले होते. वर्षानुवर्षं रोज मैलोन्‌मैल पायी चालत त्यांनी पत्रं वाटली. आणि चालता चालता रस्त्याकडेचं शेवाळ, नेचे, अळंबी सगळं पाहून, टिपून ठेवलं. कॉलेजात न जाता ते त्या परिसराचे जाणकार झाले होते. १८९२ च्या ऑक्टोबरात बीट्रिक्सची आणि त्यांची भेट झाली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. ते अतिशय लाजाळू, पण अळंबीचा विषय निघाला आणि कळी खुलली.

पुढे काय झालं माहीत आहे? ती लंडनला परतल्यावर मॅकिन्टॉश तिला टपालानं ताजी अळंबी पाठवू लागले. ती त्यांची चित्रं काढायची आणि त्यांनाही पाठवायची. त्यांनी तिला सांगितलं, नुसतं वरून सुंदर चित्र काढून भागणार नाही. अळंबी उभी कापा, आतला भाग दाखवा. छत्रीच्या खालचे पडदे देठाला कसे जोडले आहेत ते दाखवा. ओळख तिथे असते. त्यानंतरची तिची चित्रं पाहिली तर हा बदल कळतो. छत्री आहे, शेजारी तिचा उभा काप आहे, कधी बारीक बीजाणूही आहेत.

याच स्कॉटलंडच्या सुट्टीत, ४ सप्टेंबर १८९३ ला, एका आजारी मुलाला रमवायला तिनं सशाच्या गोष्टीचं सचित्र पत्र लिहिलं. तोच पीटर रॅबिट! म्हणजे एका हातानं ससा, दुसऱ्या हातानं अळंबी.

बीजाणू रुजतात कसे, यावर तिनं स्वतः प्रयोग केले आणि निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ ला तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला. पण तिनं नव्हे! बायकांना त्या सभेत प्रवेशच नव्हता. जॉर्ज मॅसी नावाच्या शास्त्रज्ञांनी तो तिच्या वतीनं मांडला. पुढे तिनं निबंध परत घेतला आणि आज तो कुठेच सापडत नाही. चित्रं मात्र टिकली. इंग्लंडमध्ये अ‍ॅम्बलसाइडच्या संग्रहालयात ती आहेत. १९६७ मध्ये अळंबी ओळखण्याच्या एका पुस्तकात त्यातली काही छापली गेली, कारण शास्त्राच्या दृष्टीनं ती तितकी अचूक होती. मला विचाराल तर तो हरवलेला निबंध हीच चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

धाड पडली अळंबीवर!

बीट्रिक्सला जे टपालातून मिळालं, ते इतरांना मिळावं म्हणून मंडळं निघाली. इंग्लंडमध्ये हेरेफर्ड गावी निसर्गप्रेमींचा वुलहोप क्लब होता. १८६८ मध्ये त्यांनी शरद ऋतूत सगळ्यांनी मिळून रानात अळंबी शोधायला जायची टूम काढली, आणि तिला नाव दिलं 'फोरे'. या शब्दाचा अर्थ धाड, लुटीची स्वारी! डॉक्टर, पाद्री, शेतकरी, सगळे टोपल्या घेऊन निघायचे. हे नाव इतकं रुळलं, की आजही जगभर अळंबीच्या सहलीला फोरेच म्हणतात. १८९६ मध्ये ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी निघाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? बीट्रिक्सचा निबंध मांडणारे तेच जॉर्ज मॅसी. अमेरिकेत बॉस्टनचा अळंबी क्लब त्याच्याही एक वर्ष आधीचा, १८९५ चा.

न्यूयॉर्कच्या क्लबची कथा तर और आहे. जॉन केज नावाचे संगीतकार होते. पियानोवादक येऊन बसतो आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीच वाजवत नाही, अशी रचना करणारे तेच हे! त्यांना अळंबीचा नाद. १९५९ मध्ये इटलीच्या टीव्हीवर प्रश्नमंजूषा होती, आपल्या 'करोडपती'सारखी. केजनी विषय घेतला अळंबी, आणि पन्नास लाख लिरा जिंकले. शेवटचा प्रश्न होता पांढऱ्या बीजाणूंच्या अळंबींची नावं सांगा. त्यांनी ती चोवीसच्या चोवीस सांगितली, तीही अकारविल्हे! १९६२ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर न्यूयॉर्कचं अळंबी मंडळ पुन्हा उभं केलं. ते आजही चालू आहे.

अशा धाडीत नेमकं काय करतात? सकाळी सगळे जमतात. हातात वेताची टोपली नाहीतर कागदी पिशव्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबीचा तासाभरात चिखल होतो, म्हणून ती बाद. एका जागची एकच अळंबी घ्यायची, तीही उपटून नव्हे, मातीत सुरी घालून बुडासकट अलगद उचलायची. का? कारण पिशवी असली तर ती मातीत दडलेली असते, आणि वरून कापून आणली की सगळ्यात महत्त्वाचा पुरावाच मागे राहतो. जवळ कोणतं झाड होतं, माती होती की लाकूड की शेण, वास कसा होता, हे तिथल्या तिथे वहीत लिहायचं.

खरी मजा दुपारी. मोठ्या टेबलावर सगळ्या टोपल्या रित्या होतात, जाणकार माणूस एकेक उचलतो आणि बोलत राहतो. हिच्या देठाला कंकण आहे, हिचं नाही. ही कापल्यावर निळी पडते. ही मेणबत्तीसारखी वासाची. नवखा मुलगा तिथे उभा राहून एकाच जातीची कोवळी, भरलेली, सुकलेली, पावसानं फिकी पडलेली अशी दहा रूपं एका वेळी पाहतो. पुस्तकात एक चित्र असतं हो, एकच! आणि जाणकारसुद्धा दर टेबलावर दोन-चार वेळा म्हणतात, "ही मला नाही ओळखू येत." ती वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात, घरी नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

आज रात्रीच करून पाहा

जॉन केजना विचारलेला प्रश्न आठवतोय ना, पांढऱ्या बीजाणूंचा? बीजाणू इतके बारीक की एकटा डोळ्यांना दिसत नाही. मग त्यांचा रंग कसा कळतो? त्याची एक फार देखणी युक्ती आहे.

अंगणातली एक पूर्ण उघडलेली छत्री आणा. तिला हात लावल्यानं विष बाधत नाही, ते पोटात गेल्यावर बाधतं. तरी नंतर साबणानं हात धुवा आणि धाकट्या भावंडांपासून ती लांब ठेवा. देठ छत्रीच्या अगदी लगत कापा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद चिकटवून तयार करा. छत्री त्याच्या मधोमध ठेवा, पडदे खाली. वरून पाण्याचा एक थेंब टाका आणि जुन्या डब्याचं झाकण किंवा फुटकी कुंडी तिच्यावर उपडी घाला. स्वयंपाकघरातली वाटी नको, आई रागावेल आणि तिचं बरोबर असेल.

सकाळी झाकण काढा, छत्री हळूच उचला. कागदावर सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटलेली असेल! ते बीजाणू, लाखो. पांढरे असले तर काळ्या भागावर दिसतील, गडद असले तर पांढऱ्यावर. अंगणातल्या चिमुकल्या, चुण्यांच्या छत्र्यांचा ठसा बहुधा काळा निघतो. बटण अळंबीच्या गणगोताचा चॉकलेटी. हिरवळीवर उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा चक्क मळकट हिरवा येतो. ती आपल्याकडेही बागेत, मैदानात दिसते, खाल्ली तर भयंकर उलट्या होतात. कोवळी असताना मात्र ती अगदी भोळी, पांढरीशुभ्र दिसते. आणि कॅनबेराची ती दोघं? पेंढ्यावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी येतो, डेथ कॅपचा पांढरा.

पण थांबा! ठसा पाहून विषारी की बिनविषारी ते ठरत नाही. पांढऱ्या ठशाच्या कितीतरी अळंबी खातात आणि कितीतरी मारतात. ठसा म्हणजे फक्त आडनाव कळलं, एवढंच.

आपल्या गावात कुठे शिकायचं?

अळंबीचा असा क्लब तुमच्या गावात नसेल. हरकत नाही, वाटा आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून निसर्ग शिकवते आहे. अशा निसर्गमंडळांच्या पावसाळी सहलींत पक्ष्यांबरोबर अळंबीही दिसतातच, फक्त मान खाली घालून चालायचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. आजरेकरांच्या नावानं बुरशींचा संग्रह आहे. वाळवलेले नमुने, त्यावर तारीख आणि जागा. याच संस्थेनं १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्या बुरशींवर ग्रंथ काढला. तो मोठ्यांसाठी आहे, पण जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना विचारा. त्यांच्या कपाटात तो असू शकतो, आणि त्यांना असं कुणी विचारायला आलं की आनंदच होतो.

मोबाइलवर फोटो टाकून नाव विचारता येतं, तेही जरूर करा. जगभरचे जाणकार उत्तर देतात. पण फोटोला वास नसतो, ठसा नसतो आणि मातीतली पिशवी दिसत नाही. म्हणून मोबाइलनं सांगितलेलं नाव वहीत पेन्सिलीनं लिहा, शाईनं नको. आणि त्या नावावर विसंबून काहीही तोंडात घालू नका.

सगळ्यात चांगलं म्हणजे चार मित्र आणि एक मोठं माणूस मिळून स्वतःचं मंडळ काढा. शाळेमागचं एक कुजकं लाकूड निवडा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी तेच पाहा. त्यावर पांढऱ्या केसाळ पंख्यासारखी एक चिवट बुरशी हमखास येईल. ऊन पडलं की ती आक्रसते, पाणी शिंपडलं की पुन्हा पसरते! कानाच्या पाळीसारखी मऊ तपकिरी बुरशी येईल. नशीब असेल तर जाळीदार पांढरा घागरा घातलेली आणि सडक्या मांसाचा वास मारणारी एक बया भेटेल. त्या वासावर माश्या येतात आणि तिचे बीजाणू दूर नेतात.

गोव्यात किंवा सिंधुदुर्गात मामाचं गाव असेल, तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. सातेरी देवी तिथे वारुळाच्याच रूपात पुजली जाते. त्या वारुळात वाळव्या चावलेल्या पाल्यापाचोळ्यावर बुरशीची शेती करतात, आणि पावसात तिचीच अळंबी वर येते, लांबच लांब मूळ असलेली. ही शेती वाळव्या सुमारे तीन कोटी वर्षं करताहेत! माणसाला ती अजून नीट साधलेली नाही. तिथल्या आजीबरोबर जा, तिच्या मागून चाला, ती काय टाकून देते ते जास्त लक्षपूर्वक पाहा. आणि अभयारण्यातून काहीही तोडून आणायला बंदी आहे, हे आजीलाही सांगा.

पालकांना एक विनंती. मूल चिखलाची छत्री घेऊन घरी आलं तर "टाक ते घाण!" म्हणू नका. जुनं वर्तमानपत्र पसरा, आणि तुम्हालाही नाव माहीत नसेल तर तसं सांगा.

आणि हो, भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या फांद्या रात्री हिरवट चमकतात, त्याही बुरशीमुळेच. जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊन, मोठ्यांबरोबर. तिथे पोहोचलात की बॅटरी बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे अंधाराला सरावतात, आणि पायाजवळची एखादी काटकी उजळू लागते.